एक पिढी कमी

सौदीतल्या जिझानच्या हॉस्पिटलात स्टोअर सांभाळणाऱ्या कादिर मुकादमचा हिशेब चुकत नसे. चुकत ते लोक. एकोणीस वर्षांत सलाइनची एक बाटली इकडची तिकडे झाली नव्हती. आणि आता नववीतल्या सफूरानं केलेल्या वंशवृक्षावर शाळेतल्या टीचरनं लाल शाईत शेरा मारला होता : एक पिढी कमी, रविवारपर्यंत दुरुस्त करा.

तक्ता तर सरळ होता. सफूराचे पणजोबा हसनमियाँ, दाभोळला मचव्यावर तांडेल, जन्म १८७२. आजोबा १९३६. अब्बा १९७४.

"चौसष्टाव्या वर्षी कोणी बाप होतं का, अब्बा? अख्खा क्लास हसला. मध्ये एक नाव टाका ना. हू विल चेक?"

"स्टॉक जुळत नाही म्हणून नसलेला खोका लिहायचा? आणि माझी आजी त्यांची तिसरी बायको होती. आज नाव घुसडशील, उद्या तो घरात वाटणी मागेल."

सफूरा हसली नाही. तिनं मघाशीच पेन्सिलनं मध्ये 'इब्राहिम, १९०४' लिहून टाकलं होतं आणि ते कादिरनं पाहिलं होतं. टीचरनं खोटं ठरवलं त्याचं त्याला काही नव्हतं. पोरीला टीचर खरी वाटली, हे त्याला लागलं होतं.

शुक्रवारी जेवणं उरकल्यावर डॉक्टर कौमुदीच्या क्वार्टरवर मराठी मंडळींची क्विझ रंगली. शेवटच्या प्रश्नाला दोनच जोड्या बरोबरीत उरल्या : हाडांचे डॉक्टर रणजित आणि त्यांची बायको, आणि कादिर-सफूरा.

"कादिरभाई," रणजित म्हणाले, "इतिहासाचा प्रश्न आला तर तुम्हाला सोपं. तुमचे आजोबा शिवाजी महाराजांच्या आरमारात होते ना?"

वंशवृक्षाची गोष्ट सगळ्यांच्या कानावर गेलीच होती; सगळे हसले. सफूरानं मान खाली घातली.

कौमुदीनं कार्ड वाचलं. "अमेरिकेचे दहावे अध्यक्ष जॉन टायलर. जन्म १७९०. त्यांचा शेवटचा नातू कोणत्या साली वारला? जवळचं साल सांगेल तो जिंकला."

रणजितनी बोटं मोजली. "पिढीला तीस धरा. नातू अठराशे पन्नासचा. ऐंशी वर्षं जगला. एकोणीसशे तीस!"

कादिरनं बोटं मोजली नाहीत. "मॅडम, लग्नं किती?"

"हा काय प्रश्न झाला?" रणजित ओरडले.

"दोन," कौमुदी हसत म्हणाली. "दुसरी बायको तीस वर्षांनी लहान. दोघींची मिळून पंधरा मुलं. याच्यापुढे एक अक्षर नाही."

"बस झालं. म्हातारा बासष्टीला बाप झाला, अठराशे बावन्न. लेकानं बापावर ताण केली, सत्तरीत. एकोणीसशे बावीस. नातवाला नव्वद वर्षं द्या. दोन हजार बारा."

"नव्वद? फार उदार झालात!"

"माझ्या खिशातनं काय जातंय, डॉक्टर?"

कौमुदीनं कार्ड उलटवलं, आणि तिचाच आवाज चढला. "टायलर त्रेसष्टचे असताना त्यांना एक मुलगा झाला. त्या मुलाला पंचाहत्तराव्या वर्षी हा नातू, १९२८ साली. वारला मे २०२५मध्ये. दोन हजार पंचवीस!"

खोलीत कुणी हसलं नाही. रणजितनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे तुमचे ते अठराशे बहात्तर सालचे आजोबा खरेच म्हणायचे."

"खरेच होते. पुरावा आणायला तुम्हीच अमेरिकेपर्यंत गेलात."

घरी पोचल्या पोचल्या सफूरानं तक्ता जमिनीवर पसरला. इब्राहिमवरून खोडरबर फिरवलं आणि कागदाचा भुगा फुंकून टाकला. मग पणजोबांच्या चौकटीखाली तिनं पेननं लिहिलं : थर्ड वाइफ. आणि टीचरसाठी कडेला टायलरची तीन सालं.

"खलास?" कादिरनं विचारलं.

"खलास. सॉरी, अब्बा."

"सॉरी मला कशाला? त्या इब्राहिमला म्हण. बिचारा दोन दिवस आला, धड चहासुद्धा मिळाला नाही."