शेवंतीच्या हातांच्या मापाची

मी हातसायकल बोलतेय, आणि मला बोलायची घाई आहे, कारण थोड्या वेळात आम्हांला निघायचं आहे. माझी पेडलं खाली नाहीत, बसणारीच्या छातीसमोर आहेत. ती दोन्ही हातांनी फिरवायची. साखळी पुढचं चाक ओढते आणि मागची दोन चाकं तोल सांभाळतात. मला बॅटरी नाही, मोटार नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण रस्त्यात भेटणारी माणसं वाकून वाकून माझ्या पोटाखाली मोटार शोधतात.

माझा जन्म डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. गडहिंग्लजहून आलेला अविनाश तिथे खिडक्यांच्या जाळ्या आणि गेटं बनवतो. एके दिवशी कुबड्या टेकत एक बाई दारात उभी राहिली. तिने विचारलं, "माझ्या मापाची हातसायकल करून देशील रे?"

"आजवर गेटंच केल्यात, ताई," अविनाश म्हणाला. "पण गेटाला बी माप लागतंयच की. हात लांब करा बघू."

ती बाई म्हणजे शेवंती. लहानपणी पोलिओने तिचे पाय गेले. शिबिरात मिळालेली एक तीनचाकी तिच्याकडे होती, पण ती सगळ्यांसाठी एकाच मापाची. तिच्यावर बसलं की शेवंतीचे खांदे ठणकायचे. अविनाशने तिच्या हातांची, पाठीची मापं घेतली आणि मला जोडलं. पसंत पडलं नाही म्हणून कापलं, पुन्हा जोडलं. माझी सीट एका मोडीत निघालेल्या व्हॅनची, गिअर एका पोराने टाकून दिलेल्या सायकलचे. पण शेवंती पहिल्यांदा बसली आणि तिच्या मुठी पेडलांवर बरोबर टेकल्या, तेव्हा मी कुठल्याही शोरूममधल्या गाडीइतकीच नवी होते.

शेवंतीचं डिचोली बसस्टँडजवळ झेरॉक्सचं दुकान आहे, घर मुळगावला. मी आल्यापासून ती रोज स्वतःच्या हातांनी दुकानात जाते. त्याआधी तिला तिचा मोठा भाऊ कृष्णनाथ न्यायचा. हा माणूस खाणीवर ट्रक चालवायचा, खाण बंद पडल्यावर टेम्पो चालवू लागला. लहानपणी त्याने बहिणीला पाठीवर घेऊन शाळेत पोचवलं होतं, शिरगावची जत्राही पाठीवरूनच दाखवली होती. मी घरात आले तेव्हा तो माझ्याकडे जरा परक्यासारखाच बघायचा. त्याचं काम मी काढून घेतलं होतं ना!

रस्त्यावर मी माणसांच्या सवयी पाहिल्या. शेवंतीला चहा हवा का, हे लोक कृष्णनाथला विचारतात. जाता जाता तिच्या डोक्यावर हात ठेवतात. पन्नाशीला आलेल्या बाईच्या! ती हसून सोडून देते, पण पेडलांवरच्या तिच्या मुठी आवळलेल्या मला कळतात.

एकदा पाळी गावची एक बाई मुलाच्या दाखल्याची झेरॉक्स काढायला दुकानात आली. तिचा मुलगा प्रशांत माडावरून पडला आणि त्याच्या कमरेखालचं बळ गेलं. तेव्हापासून तो घराबाहेर पडला नव्हता. जाताना ती माझ्यापाशी घुटमळली. "बाय, ही गाडी एकदा आमच्या घराकडे आणशील?"

पुढच्या आयतारी, म्हणजे रविवारी, आम्ही गेलो. प्रशांतला उचलून माझ्यावर बसवलं. मी त्याला आखूड पडत होते, त्याची कोपरं गुडघ्यांना आपटत होती. त्याने तुळशीभोवती एक फेरी मारली, दुसरी मारली आणि मग सरळ गेटातून बाहेर पडला. आई चहाचा ग्लास घेऊन गेटात उभी राहिली. चहा निवला, तरी आम्ही परतलो नाही. परतलो तेव्हा तो घामाने निथळत होता.

"आई, पुलार नवीन रेलिंग घातलां," तो म्हणाला. "माका कोणी सांगलाच ना!"

त्या संध्याकाळी शेवंतीने जेवताना विषय काढला. "दादा, माका पत्रादेवीपासून पोळ्यापर्यंत जावचा आसा. हातांनी."

कृष्णनाथचा घास हातातच राहिला. पत्रादेवी म्हणजे पेडण्याच्या वरचं गोव्याचं एक टोक, पोळे म्हणजे काणकोणाच्या खालचं दुसरं. वाटेत लोकांकडे मदत मागायची आणि त्यातून ज्याला त्याला त्याच्या मापाची हातसायकल करून द्यायची, पहिली प्रशांतला, असं तिच्या मनात होतं.

मग दुकानात तयारी सुरू झाली. शेवंतीने रस्त्याचा नकाशा मोठा करून झेरॉक्स काढला आणि कागद सेलोटेपने चिकटवून भिंतीवर लावला. मला वाटलं होतं, आता चढ-उतार मोजले जातील. पण पहिली चौकशी निघाली संडासांची. कुठल्या संडासाचं दार रुंद आहे, कुठे पायऱ्या आहेत, आत वळायला जागा आहे का, हे कळल्याशिवाय तिला घोटभर पाणीही पिता येणार नव्हतं. कुणाला शाळा ओळखीची होती, कुणाला देवळाची अग्रशाळा, म्हणजे भाविकांना उतरायची जागा. शेवंती फोनवर सगळ्यांना एकच सांगायची, "आधी दार टेपने मोज, मगे बोल." बसून बसून कातडीला जखम होऊ नये म्हणून तिने जाड गादी मागवली, आणि सारखं थांबून अंग उचलायचं स्वतःला वळण लावलं.

सगळ्यात मोठी काळजी पेडण्याजवळच्या मालपेच्या चढाची होती. तो जमला नाही, तर पुढचं सगळं कागदावरच राहणार होतं. एका आयतारी सकाळीच कृष्णनाथच्या टेम्पोतून आम्ही तिथे सराव करायला गेलो. कृष्णनाथ मागून चालत होता.

अर्ध्या चढावर माझं पुढचं चाक जागच्या जागी घसरायला लागलं. शेवंतीचा श्वास फुलला. तेवढ्यात माझ्या मागच्या नळीवर एक हात टेकला. ओळखीचा, ट्रकचं स्टिअरिंग फिरवून घट्टे पडलेला. मी हलकी झाले. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण मला घंटीशिवाय आवाज कुठला? आम्ही वर पोचलो. चहाच्या गाड्यावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

शेवंतीने ब्रेक लावला. ती हसत नव्हती. "दादा, तू ढकललंस मरे?"

"वायच हात लावलो," कृष्णनाथ खाली बघत म्हणाला.

"लोक देतले ते माझ्या हातांवर विश्वास ठेवून. तुझ्या हातांवर न्हय. उद्या मी त्यांका काय सांगू?"

"तुका जल्मभर पाठीवर घेऊन फिरलो गो," तो म्हणाला. "तू घसरताना बघून हात मागे कसो ठेवू?"

शेवंतीने त्याचा हात हातात घेतला. मग हळूच म्हणाली, "माका ठाऊक आसा. पण ह्या खेपेक माका सोड."

आम्ही तडक अविनाशच्या शेडमध्ये गेलो. त्याने पुढच्या चाकाच्या गिअरला मोठं दातेरी चक्र बसवलं आणि सीट पुढे सरकवली. पुढच्या चाकावर वजन आलं की ते रस्ता धरतं. "आता घसरली तर मला शिव्या द्या," तो म्हणाला.

पुढच्या आयतारी पुन्हा मालपे. या वेळी कृष्णनाथला शेवंतीने आधीच वर पाठवलं. ती पुढे झुकली आणि पेडलं फिरवू लागली. दम लागला की ब्रेक ओढायचा, दंड चोळायचे, पुन्हा सुरू. ट्रक धूळ उडवत शेजारून जात होते. चालत जाणारी एक म्हातारी आम्हांला मागे टाकून गेली आणि वळून हसली. शेवंतीही हसली. तिच्या दंडांचा जोर सरळ माझ्या साखळीत उतरत होता. पण त्या चढावर मला दुसऱ्या कुणाचाही हात लागला नाही. चाक घसरलं नाही.

वर कृष्णनाथ दगडासारखा उभा होता. खिशात कोंबलेले हात त्याने आम्ही थांबल्यावरच बाहेर काढले. चहावाल्याने त्याला विचारलं, "बाय चाय घेता काय?"

"तिका विचार," तो म्हणाला. आणि मग रस्त्याकडे पाठ करून त्याने डोळे पुसले.

आज आम्ही पत्रादेवीला उभे आहोत. उजाडलंय. डिचोलीहून, पेडण्याहून माणसं आली आहेत. कुणीतरी माझ्या हँडलला अबोलीची माळ बांधली आहे. पुढे कोलवाळचा पूल आहे, म्हापशाची गर्दी आहे आणि अगदी शेवटी करमलघाट. तो घाट मी अजून पाहिलेला नाही. जमेल की नाही, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण अविनाशने मला कापून पुन्हा जोडलं ते अंगणात उभी राहण्यासाठी नव्हे, आणि शेवंतीच्या मुठी आज आवळलेल्या नाहीत, नुसत्या घट्ट आहेत.

आम्ही तुमच्या गावावरून गेलो तर मागून हॉर्न वाजवू नका. शेवंतीशी दोन शब्द बोला. आणि तुमच्या घरात कुणी खिडकीपाशी बसून असेल तर त्याचं नाव शेवंतीला सांगा.

कृष्णनाथने स्कूटर चालू केली. तो मागून येणार नाही. तो पुढे जाऊन पहिल्या मुक्कामाचं दार उघडून ठेवणार आहे. बघा, वळणावरून दिसेनासाही झाला.

शेवंतीने ब्रेक सोडला. बरं तर, येते मी.