आतल्या खोलीचा व्हॉल्व्ह

खालच्या घरातली तेयांगची आई मोबाइलवर आपल्या छताचा फोटो घेऊन दारात उभी राहिली, त्या दिवशी मला कळलं की आमच्या घरातलं पाणी जातंय कुठे.

जातंय एवढं आधीच माहीत होतं. घर गरम ठेवणाऱ्या बॉयलरचा लाल दिवा लागला की पाणी कमी. मी तोटी उघडून भरायचो, दिवा विझायचा आणि मला फार बरं वाटायचं. बायको गेल्यापासून या घरात मला जमलेलं ते पहिलंच काम होतं.

“मी रोज भरतो की,” मी सांगितलं.

“तुम्ही वर भरा, मी खाली घमेलं लावते. बरी वाटणी झाली! ह्येजूचे बाबा, नव्या वर्षाला माझ्या सासरची सगळी माणसं येणार आहेत. छत असं दाखवू?”

ह्येजू माझी मुलगी, पुसानला असते. तिला फोन करायचं मी टाळलं. आयुष्यभर बस चालवली, गळक्या टाकीला साबण चोपडून घाट उतरलो. घरातली गळती काय चीज आहे?

सिंकखाली पितळी व्हॉल्व्हची रांग आहे, प्रत्येक खोलीला एक. तिथून गरम पाणी त्या त्या खोलीच्या जमिनीखाली फिरतं. मी सगळ्याच व्हॉल्व्हना बाहेरून टेप गुंडाळली. थोड्या वेळात टेप भिजून लोंबायला लागली. आमच्या सिंकखाली मार खाल्लेले पेशंट ओळीने बसल्यासारखे दिसत होते.

“बाजूला व्हा,” म्हणत तेयांगची आई गुडघ्यावर बसली. टेप काढली, सगळं पुसलं आणि प्रत्येक व्हॉल्व्हवर कोरडा टिशू ठेवला. एकच भिजला.

“हा कुठल्या खोलीचा?”

“आतल्या.”

“बंद का केलाय?”

“गॅस वाचतो.”

“बाहेर नळ गोठतायत आणि ह्यांचा गॅस वाचतोय! म्हणून हॉलमध्ये झोपता होय?”

मी भिजलेला टिशू उचलून पिळला. तिने बाकीचे गोळा केले. आतली खोली माझ्या बायकोची, माल्सुनची, हे तिला माहीत होतं.

प्लंबरला फोन लावला. तो म्हणाला, “नव्या वर्षानंतर येतो. इतकी वर्षं न फिरवलेला व्हॉल्व्ह एकदम बंद केलात, म्हणून दांड्याजवळचं पॅकिंग गेलं. मुठीखालचा नट जरा आवळा. नाही थांबलं तर व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. जुने व्हॉल्व्ह पूर्ण उघडले की बरेचदा गळायचे थांबतात. पण बॉयलर बंद करू नका, पाइप गोठून फुटतील.”

नट आवळला. थेंब सावकाश पडायला लागला, पण पडायचा थांबेना. मी पाना पुन्हा लावला.

“अहो, तोडाल!”

“मी इथे भांडं ठेवतो. रोज रिकामं करीन.”

“तुमच्या भरवशावर? मग पाहुण्यांना मी छत्र्याच वाटते.”

मी मूठ उलटी फिरवली, शेवटपर्यंत. पाइपात गुडगुड झालं. थेंब थांबला.

“आता आत जाऊन जमीन गरम होतेय का बघा. हवा अडकली असेल तर काढावी लागेल.”

“तुम्हीच बघा ना.”

“मी का? खोली तुमची.”

मी दार उघडलं. जमीन मोज्यांतूनही बर्फासारखी लागली. जिथे जमीन आधी तापते, त्या कोपऱ्यात माल्सुनचं पांघरूण तसंच होतं. रात्रीची फेरी करून मी उशिरा यायचो, तेव्हा ती माझ्या भाताची वाटी त्याखाली ठेवायची. निवृत्त झालो, दिवसभर शेजारच्या खोलीत टीव्हीसमोर पडलेला असायचो, तरी ठेवायची.

“अगं, भात गरम ठेवायला कुकर आहे ना,” मी म्हणायचो.

“कुकर तुमची वाट बघत नाही,” ती म्हणायची. आणि भात गरम नसला तर कुरकुरायला मी होतोच.

थोड्या वेळाने पांघरुणाखाली हात घातला. जमीन कोमट व्हायला लागली होती. हाताला वाटी लागली. झाकण लावलेली, रिकामी.

“झाली का गरम?” बाहेरून हाक आली.

“होतेय.”

“मग बाहेर या की! आत काय अंडी उबवताय?”

छत वाळलं की त्याला रंग मी लावून देणार आहे. प्लंबर यायचा आहे. पांघरूण अजून उचललेलं नाही.