भावजींचा आवाज

बंद पडलेली हार्ड डिस्क जागी झाली, की आधी कॉपी करायची, बघायचं-ऐकायचं नंतर. हे मी गिऱ्हाइकांना दटावून सांगतो. पण त्या दुपारी समोर गिऱ्हाईक नव्हतं, सख्खी बहीण होती.

गळ्याच्या ऑपरेशनमध्ये भावजींचा आवाज कायमचा गेला, त्याला चार महिने झाले. ऑपरेशनआधी पंधरा दिवस खपून त्यांनी सहाशे वाक्यं रेकॉर्ड केली होती. ती भरली, की बोलणारं यंत्र त्यांच्याच आवाजात बोलणार होतं. दुसरी प्रत काढायचं माझ्याकडे होतं आणि मी मेला आज करू, उद्या करू म्हणत राहिलो.

ताईने डिस्क टॉवेलात गुंडाळून आणली. "एवढा दीडशहाणा ना तू, कर आता नीट," म्हणाली. भावजी स्टुलावर बसले.

डिस्क फिरत होती, पण कॉम्प्युटरला दाद देत नव्हती. अशा वेळी तिच्याशी मागच्या दाराने बोलावं लागतं. मागच्या बारीक पिनांना सिरियल अ‍ॅडॉप्टरच्या तीन तारा लावल्या. स्क्रीनवर काहीच येईना. दोन तारांची अदलाबदल झाली होती, माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. बदलल्या, तसं डिस्कने उत्तर दिलं. एकेक आज्ञा जपून टाईप केली, अडकलेली नोंद पुसली, तारा काढून डिस्क कॉम्प्युटरला जोडली. सहाशेच्या सहाशे फायली दिसल्या.

ताईने माझा दंड धरला. "एकच लाव रे. एकच."

नाही म्हणायला हवं होतं. पण खरं सांगतो, मलाही ऐकायचा होता तो आवाज.

"अगं, माझा चष्मा कुठे ठेवलास?" स्पीकरमधून भावजी बोलले.

"तुमच्या नाकावर," ताई सवयीने म्हणून गेली आणि हमसून रडायला लागली.

तेवढ्यात डिस्क टकटकली. मग आत काहीतरी खरवडलं गेलं आणि फायली दिसेनाशा झाल्या. घाईघाईने पुन्हा तारा लावल्या, काही उत्तर नाही. आतली तबकडी ओरखडली, की कुणाच्या बापाला काही करता येत नाही.

ताईच्या लक्षात आलं नव्हतं. भावजी मात्र माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी खिशातली वही काढली, तीन शब्द लिहिले आणि टेबलाखालून मला दाखवले: 'तिला सांगू नकोस.'

ताईने पदराने डोळे पुसले, खुर्ची पुढे ओढली.

"हं, आता दुसरं लाव."