भोंगा लावून सांगितलेली चोरी

उदगीरच्या संगमेश्वर वस्त्र भांडारात लग्नाचा बस्ता बांधायला आलेलं घर गादीवर ऐसपैस बसायचं. बिलाची वेळ आली की वडीलधारा माणूस जागचा न उठता कार्ड पुढं सरकवायचा आणि पिन चारचौघांत मोठ्यानं सांगायचा. म्हाताऱ्यांना दरवेळी आठवायचा ताप नको, म्हणून मालकीण महादेवीनं कार्डांचे नंबर अन् पिन दुकानाच्या कॉम्प्युटरात गिऱ्हाइकाच्या नावापुढं जपून ठेवले होते. यात काही वावगं आहे असं तिच्या मनातही आलं नाही.

कुण्या भामट्यानं लांब बसून इंटरनेटवरनं तो कॉम्प्युटर फोडला आणि ऐन लग्नसराईत गिऱ्हाइकांची खाती धुऊन नेली. बँकेनं कार्डाचं मशीन उचललं, वर दंडाची नोटीस धाडली. गादी ओस पडली.

महादेवीचा दीर मन्मथ दुकानात भागीदार. तो म्हणाला, "वैनी, झाकली मूठ सव्वा लाखाची. बँकेवर ढकलू, पाटीवरचं नाव बदलू अन् गप बसू."

महादेवीचं डोकं सणकलं. सासऱ्यांनी खांद्यावर गठ्ठे वाहून कमावलेलं नाव हा गडी पुसायला निघाला होता!

"मन्मथअप्पा, तोंड लपवायला म्या काय चोर हाय? दुकानाचा वरचा मजला विकू, पण लोकांचे पैसे देऊ."

पडेल भावात तिनं सौदा केला. मग दरवर्षी सेलची जाहिरात करणारी भोंग्याची रिक्षा बोलावली अन् आपलाच आवाज गावभर फिरवला, "संगमेश्वरमधून तुमच्या कार्डाची माहिती चोरीला गेली! चूक आमची हाय. पैसे घेऊन जावा, अन् पिन आजच बदला!"

मन्मथ शरमेनं कपाटाआड जाऊन उभा राहिला.

पहिली आली केवळाबाई. लेकीच्या लग्नाचे पैसे गेले तेव्हा हिनंच दुकानाच्या दारात शिव्यांची लाखोली वाहिली होती. तिनं पैसे मोजून पदरात बांधले आणि पायरी उतरली. महादेवीला वाटलं, आता हीही गेली, अन् हिच्यामागं सारं गाव जाणार.

केवळाबाई पायरीवरूनच माघारी वळली आणि गादीवर येऊन मांडी घालून बसली.

"शालू काढ. बस्ता हितंच बांधायचा. दुसऱ्यानं बुडवलं तर त्यो काय भोंगा लावून सांगणार हाय?"

महादेवीला रडू फुटलं, आणि ते तिनं लपवलं नाही. डोळे न पुसताच ती दाराशी गेली अन् फेरी मारून परतलेल्या रिक्षावाल्यावर ओरडली, "अजून एक फेरी मार, बसस्टँडाकडनं! अन् आवाज वाढव!"