‘वाट मोकळी’ सांगणारी घंटा

मित्रांनो, घंटा म्हटली की तुम्हाला देऊळ आठवते, नाहीतर शाळा सुटण्याची वेळ. मी मात्र गोल्फच्या मैदानावरची एक जुनी पितळी घंटा आहे. हसू नका! रत्नागिरीजवळ, भाट्याच्या वरच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, दर रविवारी सकाळी खरोखर गोल्फ रंगत असे आणि तिथे माझ्या शब्दाला मान होता.

माझा जन्म एका गलबतासाठी झाला. गलबत मोडीत निघाले आणि मी भंगारात पडले. अंगावर हिरवा गंज चढला, कुणी ढुंकूनही पाहीना. मग देशाने क्रिकेटचा विश्वचषक पहिल्यांदा जिंकला त्या वर्षी सखारामने मला उचलून आणले. मुंबईच्या एका गोल्फ क्लबात तीस वर्षे माळीकाम करून तो गावी परतला होता. सोबत पाच जुन्या काठ्या आणि पिशवीभर चेंडू. त्याच्या बायकोने, तुळसाने, मला चिंच लावून असे घासले की मी माझ्याच रूपावर भाळले.

कातळावर हिरवळ कुठून येणार? सखारामने जांभा दगड फोडून सहा खळग्या केल्या. प्रत्येकीभोवती माती चोपली आणि तुळसाने ती अंगणासारखी शेणाने सारवली. चौथी खळगी उताराखाली होती, मागून येणाऱ्याला न दिसणारी. तिथे काजूच्या फांदीला मला टांगले. नियम एकच: आपला चेंडू खळगीत घालावा, बाजूला व्हावे आणि मला वाजवावे. घंटा ऐकू आली की मागच्याने खुशाल फटका मारावा.

सगळे छान चालले होते, पण आत्माराम गुरुजी! निवृत्त शिक्षक, माणूस सोन्यासारखा, पण खेळ गोगलगायीचा. चेंडूभोवती दोन प्रदक्षिणा, मग टोपी नीट करणे, मग वाकून निरखणे. त्यांच्या मागे असायचा केरू, एसटीचा ड्रायव्हर. साडेदहाला त्याची देवरुखची गाडी असे. गुरुजी त्याला कधी पुढे जाऊ देत नसत. तसे सुचायचेच नाही त्यांना.

एका रविवारी केरू भडकला. "सखारामदादा, गुरुजींना आता घरी बसवा! माजी गाडी उशिरा सुटली तर सायब मलाच घरी बसवील!"

सखाराम गुरुजींना हात जोडून म्हणाला, "गुरुजी, पुढच्या आयतवारी खोळंबा झाला, तर मग माजा नाइलाज हाय."

गुरुजी काठी उचलून घरी निघाले. पत्नी गेल्यापासून आठवडाभर ते या एका सकाळची वाट पाहत असत. मला फार वाईट वाटले.

पुढच्या रविवारी गुरुजी लगबगीने आले. चेंडू सारवलेल्या जागेवर छान आणून ठेवला. आता फक्त खळगीत ढकलायचा! पण घाई माणसाला भुलवते. समोर सारवलेली जमीन, वर टांगलेली घंटा. गुरुजींनी वहाणा काढल्या, मला ठण्णकन वाजवले आणि चक्क डोळे मिटून हात जोडले! जन्माची सवय, दुसरे काय?

मी ओरडले, "अहो, आत्ता नाही!" पण मित्रांनो, घंटेचे ओरडणे म्हणजेही वाजणेच!

उतारावरून केरूचा चेंडू सणसणत आला, कातळावर आपटून उडाला, गुरुजींच्या वहाणांवरून गेला आणि घरंगळत थेट खळगीत! एका फटक्यात!

केरू धावत खाली आला. "गुरुजी, माजा चेंडू बगितलात काय ओ?"

चेंडू आपटल्याच्या आवाजाने दचकून गुरुजींनी डोळे उघडले होते आणि पुढचे सगळे पाहिले होते. खरे सांगावे, तर केरू खळगीपाशी येणार, गुरुजींचा चेंडू अजून बाहेरच दिसणार, घंटेची चूक उघडी पडणार आणि रविवार कायमचा जाणार. क्षणभर त्यांचा चेहरा उतरला. मग ते ताठ उभे राहिले.

"केरू, एका फटक्यात खळगीत! मी डोळ्यांनी पाहिला. पण घंटा मी चुकून वाजवली रे, देवळासारखी. माझा खेळ अजून व्हायचाच आहे. तू जा पुढे. मी घरी जातो."

केरूने खळगीत वाकून पाहिले आणि तिथेच नाचायला लागला. मग त्याने गुरुजींची काठी उचलून त्यांच्या हातात दिली.

"घरी कशाला? यकाच फटक्यात ग्येला, ह्यावर माज्या बायकोचा तरी इश्वास बसंल काय? साक्षीदार तुमी! पुढच्या आयतवारी नाय आलात, तर गाडी घेऊन दारात येईन!"

त्या दिवसापासून नवी रीत पडली. चौथ्या खळगीपाशी गुरुजी बाजूला उभे राहत, मला वाजवत आणि हात हलवून केरूला बोलावत, "जा पुढे!" मग मनसोक्त प्रदक्षिणा घालत. देवरुखची गाडी वेळेवर सुटू लागली.

मित्रांनो, खेळताना, चालताना एकदा मागे वळून पाहा. कुणी खोळंबले असेल, तर हसून वाट द्या. आणि पुढचा माणूस सावकाश असेल, तर त्याला घरी बसवू नका. तुमचा आयुष्यातला सर्वांत सुंदर फटका पाहायला कदाचित तोच एकटा तिथे उभा असेल.