एस्तेरच्या मापाची गिटार

बायकोला, एस्तेरला, मातीआड करून अकरा महिने झाले होते, तेव्हा एका मंगळवारी भर दुपारी तिचा डावा हात सांतानच्या मनगटाला आला. अख्खा पंजा. करंगळीवर विळीचा जुना व्रण, अंगठ्याजवळ तीळ, सगळं जिथल्या तिथे. त्याचा स्वतःचा पंजा कुठे गेला म्हणाल, तर देवाला ठाऊक. त्याने शोधलासुद्धा नाही.

चूक त्याचीच, आणि ती झाली गिरीज गावातल्या बस्त्याव मिस्त्रीच्या पडवीत. हा मिस्त्री गिटार करायचा ती वाजवणाऱ्याच्या हातावर बेतून. टेपला हात लावायचा नाही. गिऱ्हाइकाच्या पंजाभोवती सुतळी फिरवून पेरापेराला गाठ मारायचा आणि गिटार पुरी होईपर्यंत ती सुतळी खिळ्याला टांगून ठेवायचा. एस्तेर चर्चच्या गायनमंडळात वाजवायची ती दुसऱ्याची गिटार, तिच्या हाताला भलतीच मोठी. "गिटार कसली, मेली बाज आहे," म्हणायची. म्हणून तिने हौसेने माप दिलं, आणि पंधरा दिवसांत तापाने गेली.

सांतान ती सुतळीच मागायला गेला होता. तेवढीच तिची आठवण घरात राहील म्हणून.

"गाठी मारलेली सुतळी तशीच नेत नाहीत," बस्त्याव म्हणाला. "गिटार तरी होऊ दे, नाहीतर गाठी तरी सोड."

गाठी सोडायचा धीर होतो होय कुणाला! सांतानने सुतळी काढली आणि स्वतःच्या हाताला गुंडाळली. "मग माझ्या मापाची करा, मिस्त्री." माणूस बदलला की सुतळी नवी घ्यायची, हे अख्ख्या गावाला माहीत, पण दुःखात बुडालेल्या माणसाला कुठलं सुचायला! सुतळी अगदी मापात बसली. काढली तेव्हा आत एस्तेरचा हात होता.

बस्त्यावने चष्मा कपाळावर सरकवला. "हा हात तुझा नाही."

"नाही."

"बरं. गिटारीचा दांडा याच्यावरच तासतो. दर मंगळवारी घेऊन ये."

आणि खरं सांगू? त्या दिवशी सांतान अकरा महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवला. उजव्या हाताने तो डावा धरून बसायचा. वाडीत, विहिरीवर, मासळीबाजारातसुद्धा. हात कोमट होता आणि त्याला लसणीचा वास होता. धाकटी बहीण रेजिन कावली. "दादा, सोड की तो! लोक बघतात."

"बघू देत. माझी बायको आहे."

हाताला मात्र चैन नव्हतं. तो सांतानच्या मुठीतून निसटायचा, टेबलाच्या कडेवर बोटं रोवायचा, तारा शोधायचा. सापडल्या नाहीत की तिथेच मलूल पडून राहायचा. सांतानला ते बघवत नसे. मग तो पुन्हा घट्ट धरायचा.

पुढच्या मंगळवारी बस्त्यावकडे जायला अर्धा तास लागला. त्याच्या पुढच्या मंगळवारी दहा मिनिटं. नंतरच्या मंगळवारी सांतान मुद्दाम घरीच बसला, तर स्वयंपाकघराच्या दाराबाहेर बस्त्यावची पडवी होती आणि बस्त्याव कानस घासत होता.

"आलास? हात दे."

दांडा त्या बोटांखाली धरून तो घासायचा, पुन्हा धरायचा, पुन्हा घासायचा. सांतानने विचारलं, "गिटार वाजली की काय होईल?"

"माप गिटारीत उतरेल. मग ते हातावर राहत नाही, आणि हा हातही तुझ्याकडे राहणार नाही."

सांतानला हुंदका आवरेना. "मिस्त्री, पाया पडतो. दांडा जाड ठेवा. वाकडा ठेवा."

"मला वाकडं येत नाही," बस्त्याव म्हणाला. त्यालाही वाईट वाटत होतं, पण कानस थांबली नाही. "आणि एस्तेर थांबेल का? बघ तिच्याकडे."

हात दांड्याकडे ओढ घेत होता.

शेवटच्या मंगळवारी दारच नव्हतं. चारी बाजूंना भुसा साचला होता, मधोमध एक खुर्ची, खुर्चीत सांतान, मांडीवर गिटार, समोर बस्त्याव. एस्तेरचा हात दांड्यावर गेला आणि बसला. कसला बसला म्हणून सांगू! जन्मभर दुसऱ्याच्या गिटारीवर जी कॉर्ड ताणून ताणून धरली, ती बोटांनी सहज धरली. लग्नाच्या दिवशीसुद्धा सांतानने तिला इतकं सुखात पाहिलं नव्हतं.

मग ती थांबली. तारा छेडायला दुसरा हात हवा होता. तो सांतानचा होता, आणि तिचं मनगट धरून बसला होता.

"सोड आता," बस्त्याव म्हणाला.

"सोडतो."

तारा दाबून दाबून तिची नखं पांढरी पडली होती. सांतानने तिच्या मनगटावरची आपली करंगळी उचलली. मग एकेक करत बाकीची तीन बोटं. अंगठा तेवढा राहिला, आणि अंगठ्याखाली तिची नाडी चालत होती.