सव्वाआठ किलोच्या आत

दोन दस्ते आमच्या जेवणाच्या टेबलावर आठवडाभर आडवे पडले होते आणि आम्ही नवरा-बायको ताटं मांडीवर घेऊन जेवत होतो. एक काळा, कार्बनचा, उचलला तर हातात काही आहे असं वाटूच नये इतका हलका. दुसरा लाकडाच्या पातळ पट्ट्या चिकटवून केलेला, तपकिरी, पोटाशी जाड आणि चांगलाच वजनदार. बंदुकीची नळी ज्याच्यात बसते आणि ज्याचं मागचं टोक खांद्याला टेकतं तो हा दस्ता. दस्तेवाल्याने दोन्ही वापरून बघायला दिले होते. एक ठेवायचा आणि एक परत करायचा, एवढंच काम होतं, पण त्या एवढ्याशा कामाने आमच्या घरातली शांतता पार घालवली होती.

मी गाडी शिकवते. चालवायला शिकणाऱ्यांच्या शेजारी बसून दिवसभर ओरडणं हा माझा धंदा आहे, त्यामुळे आवाज माझा जन्मजात वाटावा इतका मोठा झालाय. गेल्या वर्षी एका शिकाऊ बाईंनी ब्रेकऐवजी भलतंच दाबलं आणि आम्ही दोघी खांबावर गेलो. बाईंना खरचटलंसुद्धा नाही. माझा उजवा खांदा मात्र निखळला, ऑपरेशन झालं, आणि नणंदबाईंच्या ताब्यात गेला. नणंद माझी व्यायामोपचार करते. गोड बोलते आणि हात असा पिळते की बोलायची सोय राहत नाही.

"वहिनी, तुला बंदूक चालवायची आहे ना? चालव," ती म्हणाली. "पण हलक्या बंदुकीचा दणका या खांद्याला परत बसला, तर तू मला दाखवायलासुद्धा येऊ नकोस. दुसऱ्यांदा शिवता येत नाही तो."

बंदूक हलकी असली की गोळी सुटताना ती मागे जोरात आदळते. जड असली की तो धक्का तिच्या वजनातच मुरतो. म्हणजे मला जड दस्ता हवा, हे शाळेतल्या पोरालाही कळेल. अडचण नियमाची होती. आमची स्पर्धा लांब पल्ल्याची, आठशे मीटरवरच्या निशाण्याची, आणि जोडीची. पोटावर झोपून मी नेम धरायचा, शेजारी झोपून नवऱ्याने दुर्बिणीतून वारा बघायचा आणि मला सांगायचा. बंदूक, तिच्यावरची दुर्बीण, पुढचा दोन पायांचा टेकू, जे जे बंदुकीला चिकटलंय ते सगळं मिळून सव्वाआठ किलोच्या आत असावं लागतं. वजनाच्या टेबलावर काटा जरा पुढे गेला की घरी जायचं.

काळा दस्ता लावून नेमबाजीच्या रेंजवर गेलो तेव्हा पहिल्याच गोळीला माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. दुसरी गोळी मी केवळ हट्टाने मारली. तिसरी भरायच्या आत नवऱ्याने हात पुढे करून बंदूक काढून घेतली.

मग लाकडी दस्ता लावला. नवरा माझा चष्मेवाला. भिंगं घासणारा माणूस, त्यामुळे बारीक कामात त्याचा हात कोणी धरू शकत नाही असं त्याचं मत आहे. त्याने प्रत्येक स्क्रू सावकाश आवळला, बंदूक कपाटात ठेवायला जशी तयार करतात तशी नीट तयार केली आणि दाराच्या चौकटीला सामानाचा काटा टांगून त्याला लटकवली. मी श्वास रोखून उभी. तो काट्याच्या आकड्यावर भिंग धरून वाकला.

"आठ किलो सहाशे," तो म्हणाला.

"परत बघा."

रागावले की मी त्याला अहो-जाहो करते. त्याने परत बघितलं. मग काढून, टांगून, पुन्हा बघितलं. आकडा काही हलला नाही. साडेतीनशे ग्रॅम जास्त.

त्या आठवड्यात आम्ही काय काय केलं ते सांगायची लाज वाटते. दुर्बिणीची झाकणं काढली. टेकूच्या पायांचे रबर काढले. नवऱ्याने गालपट्टीचा स्पंज कात्रीने पातळ केला. माझ्या गालाला तो आता टोचायला लागला आणि काट्यावर या कशाचा पत्ताही लागला नाही; झाकणं, रबर सगळं परत लावलं. हलकी दुर्बीण लावायची तर आठशे मीटरवर मला निशाणाच दिसणार नाही. मी अशी कात्रीत सापडले होते. नियमात बसणारी बंदूक नणंदेच्या अटीत बसत नव्हती, अटीत बसणारी नियमात बसत नव्हती, आणि मधल्या मधे माझी नेमबाजी संपायला आली होती.

मला ती संपायला नको होती. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, पण दिवसभर दुसऱ्यांच्या चुकांवर पाय ठेवून बसणाऱ्या बाईला आठवड्यातून एकदा पालथं पडून, श्वास सोडून, गप्प राहता येतं, ही चैन माझ्या आयुष्यात दुसरीकडे कुठे नाही. आणि खरं सांगायचं तर तिथेच नवरा माझ्याशी बोलतो. घरी त्याचं बोलणं "हं" आणि "बघू" यात आटपतं. रेंजवर मात्र तो माझ्या कानाशी बोलत असतो, वारा कुठून येतोय, किती येतोय, आता थांब, आता सोड. ते मला सोडायचं नव्हतं.

शेवटी त्यानेच तोडगा काढला. "दस्त्याच्या पोटातून लाकूड काढायचं. आतून भोकं पाडून. बाहेरून कळणारही नाही."

"वजन काढलं की धक्का वाढेल."

"थोडा वाढेल."

"थोडा म्हणजे किती?"

"बघू," तो म्हणाला. मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने चष्मा काढून पुसायला घेतला.

एकदा भोकं पाडली की दस्ता परत करता येणार नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं. तरी काळा दस्ता परत द्यायला बरोबर घेऊन निघालो.

दस्तेवाल्याचं दुकान म्हणजे पुढे काचेचं कपाट आणि मागे लाकडाच्या भुशाने भरलेली लांबट खोली. माणूस बोलघेवडा. आपल्या प्रत्येक दस्त्याची तो मुलीच्या स्थळासारखी तारीफ करतो. आम्ही भोकं पाडायची म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला, पण काम ते काम. त्याने ड्रिल मशीनला लांब पातं लावलं, खडूने दस्त्यावर तीन खुणा केल्या आणि हात झटकले.

"वजन केलंय ना नीट?"

"तीन वेळा," नवरा म्हणाला. भिंगाबद्दलही सांगणार होता, मी कोपर मारलं.

"बरं. मग ते कुलूप काढा. गोळीचा कप्पा रिकामा आहे हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी कुठल्याच बंदुकीला हात लावत नाही."

आमच्या घरात बंदूक कुलपाशिवाय कधी नसते. हा सासऱ्यांचा दंडक. ते जन्मभर गोदामावर होते, आणि आमच्या घरात बंदूक येणार म्हटल्यावर त्यांनी गोदामाच्या दाराचं एक जुनं, पितळी, मुठीएवढं कुलूप आणून ट्रिगरभोवतीच्या कड्यात अडकवलं होतं. "हे असल्याशिवाय घरात नाही," एवढंच म्हणाले. ते गेले, पण कुलूप राहिलं. बंदूक साफ केली, स्क्रू आवळले, काहीही केलं की नवऱ्याचा हात आपसूक कुलपाकडे जातो. ते खट्ट वाजलं की बंदूक तयार झाली असं आम्ही धरतो. रेंजवर ते काढायचं, घरी परत लावायचं. इतक्या वर्षांत ते आम्हाला दिसेनासं झालं होतं.

नवऱ्याने कमरेची किल्ली काढून कुलूप उघडलं आणि ठेवायला जागा नव्हती म्हणून माझ्या हातात दिलं. मी ते जाकिटाच्या उजव्या खिशात टाकलं. दस्तेवाल्याने कप्पा उघडला, आत बोट घालून बघितलं, मान हलवली, आणि बंदूक उलटी करून दस्ता सोडवायला स्क्रूड्रायव्हर उचलला.

माझा खांदा दुखायला लागला. उजव्या बाजूने जाकीट खाली ओढत होतं. खिशात असं काय भरलंय म्हणून मी वैतागून हात घातला, आणि माझ्या मुठीत ते कुलूप आलं.

मी ओरडले. "ब्रेक!"

सवयीने तेच तोंडातून निघालं. दस्तेवाल्याने स्क्रूड्रायव्हर टाकला आणि दोन्ही हात वर केले. नवरा माझ्याकडे बघत राहिला. मी कुलूप त्याच्या नाकासमोर धरलं.

"अहो चष्मेवाले, हे काय आहे?"

"कुलूप."

"घरी वजन केलं तेव्हा हे कुठे होतं?"

त्याचे डोळे कुलपाकडून बंदुकीकडे गेले, बंदुकीकडून परत कुलपाकडे आले. मग तो मागच्या मागे भुशाच्या पोत्यावर बसला.

"काटा आणा हो," मी दस्तेवाल्याला म्हटलं. माझा आवाज फाटला होता.

आठ किलो दीडशे. दस्तेवाल्याचा काटा जुना होता पण नियमाच्या टेबलावरच्याइतकाच खरा, असं त्याने आम्हाला न विचारता शपथेवर सांगितलं. शंभर ग्रॅम हातात राहत होते. कुलूप वेगळं तोललं तर ते एकटंच साडेचारशे भरलं. आठवडाभर आम्ही सासऱ्यांचं गोदाम दाराला टांगून मोजत होतो आणि बंदुकीला नावं ठेवत होतो.

मी हसायला लागले आणि मला थांबता येईना. हुश्श करून जे हसू येतं ते. दस्तेवालाही हसला, कारण त्याच्या दस्त्याचं पोट वाचलं होतं. त्याने खडूच्या तिन्ही खुणा अंगठ्याने पुसल्या, कार्बनचा दस्ता आमच्याकडून परत घेतला आणि नवऱ्याला पाणी दिलं. नवरा हसत नव्हता. त्याने पाणी प्यायलं आणि म्हणाला, "मी भोकं पाडू दिली असती. तुझा खांदा मी माझ्या हाताने..." पुढे त्याने सोडून दिलं. मला वाटलं बारीक कामात चूक झाल्याचं लागलंय त्याला. मी चिडवलं, भिंगाची आठवण करून दिली. त्याने ऐकून घेतलं.

रेंजवर गेलो ती सकाळ मोकळी होती. चटया पसरल्या, मी पालथी झाले, लाकडी दस्ता खांद्याच्या खळग्यात घेतला. नवरा शेजारी आपल्या दुर्बिणीमागे झोपला. वारा होता, गालावर कळत होता, पण तो माझा विषय नाही. तो सांगेल तेव्हा बंदुकीवरच्या दुर्बिणीची घुंडी फिरवायची, काही बोलला नाही तर आहे तसं मारायचं, असं आमचं ठरलेलं.

तो काही बोलला नाही. मी मारली.

बंदूक मागे आली, खांद्याला टेकली आणि थांबली. बस, एवढंच. मी दुखण्याची वाट बघत राहिले. ते आलं नाही. दुसरी मारली, मग तिसरी. पाचवी सुटली तेव्हा मला स्वतःच्या खांद्याचा इतका पुळका आला की त्याला हात लावून बघितलं.

मग निशाणा दाखवणाऱ्या शेजारच्या पडद्यावर नजर टाकली. पाचही गोळ्या निशाण्याच्या डाव्या कडेला एकमेकींना खेटून बसल्या होत्या. वाऱ्याने सगळ्या ढकलून नेल्या होत्या.

"अहो! वारा कुठाय? पाच गोळ्या गेल्या माझ्या! झोपलात का?"

मी मान वळवली. त्याची दुर्बीण समोर निशाण्याकडे होती, पण तो तिच्यात बघत नव्हता. कुशीवर वळून, माझ्यापासून हातभर अंतरावर, तो बघत होता माझ्या खांद्याकडे.

"मी वारा बघितलाच नाही," तो म्हणाला.

"मग काय बघत होतास?"

"दुखला का?"

"नाही."

"एकदाही?"

"एकदाही नाही रे."

त्याने कपाळ चटईवर टेकवलं. त्याची पाठ हलायला लागली. रेंजवर आमच्या दोन्ही बाजूंना माणसं झोपलेली होती, सगळ्यांनी कानांत बोळे घातलेले, कुणाला काही ऐकू गेलं नाही. मला मात्र बोळ्यांतूनही गेलं. इतके दिवस मी समजत होते की हरले तर मी एकटीच हरणार. तो किती घाबरलाय हे मला, त्याच्या शेजारी झोपून, एकदाही दिसलं नव्हतं.

मी डावा हात त्याच्या केसांत घातला आणि तसाच ठेवला. घाई नव्हती. गोळ्या अजून होत्या, बंदूक नियमात होती, खांदा जागेवर होता.

थोड्या वेळाने त्याने चष्मा पुसला आणि दुर्बिणीला डोळा लावला.

"उजवीकडून येतोय," तो म्हणाला. आवाज अजून ओला होता. "घुंडी दोन उजवीकडे. थांब. थांब जरा. हं, आता सोड."